भिंतीतला खिळा

या वर्षीच्या जानेवारीतली गोष्ट. सकाळचे सात वाजले होते. आमच्या खामगावची थंडी ती काय, एक शाल आणि दोन कप चहा यांत आटोपणारी. मी ओसरीवर उन्हाची वाट पाहत बसले होते आणि हातात मुलाने घेऊन दिलेला फोन होता. माझी नात गेल्या सप्टेंबरात शिकण्यासाठी कॅनडात विनिपेगला गेली. आमची सकाळ ती तिची आदली संध्याकाळ. हिवाळ्यात दोन्हींमध्ये साडेअकरा तासांचे अंतर पडते. या फोनात बोलणाऱ्याचे तोंड दिसते, ही मौज माझ्या लेखी अजून जुनी झालेली नाही. पण त्या दिवशी तोंड काही दिसेना. दिसली ती एक पांढरीफटक भिंत.

"अगं, आहेस कुठे तू?"

"इथेच आहे, आजी."

"मग दिसत का नाहीस?"

"केस विंचरले नाहीत आज. म्हणून."

हे ऐकले आणि माझ्या पोटात धस्स झाले. इथे असताना आरशापुढून हटत नसे म्हणून हिने माझी किती बोलणी खाल्ली असतील! मी पुढे काही विचारले नाही. भिंतीकडेच पाहत राहिले. चार महिने झाले होते, पण त्या भिंतीवर चित्र नव्हते, देव नव्हता, एक साधे कॅलेंडरही नव्हते.

"एखादा खिळा ठोकून काहीतरी लाव की गं तिथे," मी म्हटले.

"खिळा ठोकायचा नाही असं घरमालकाच्या करारातच आहे. आणि लावून तरी काय करायचं? हे काय माझं घर आहे?"

फोन बंद झाला, ऊन ओसरीवर आले, चहा गार झाला. मी आपली तशीच बसून. हे वाक्य मी पूर्वी ऐकले होते. दुसऱ्या भाषेत, याच गावात, जवळजवळ सत्तर वर्षांपूर्वी.

माझा जन्म १९४५ चा. त्या वेळी आमचा बुलढाणा जिल्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. १९५० साली आम्ही मध्यप्रदेशात गेलो, १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आलो. म्हणजे पंधरा वर्षांच्या आत माझी चार राज्ये झाली, आणि तीही घराचा उंबरठा न ओलांडता. आजी म्हणत असे, "राज्य बदललं तं बदलू दे बाप्पा, विहीर तं थेच हाय ना!" शेजारच्या दोन खोल्यांत राहावयास आलेल्या बिऱ्हाडाला मात्र हे म्हणण्याची सोय नव्हती. त्यांची विहीर मागे राहिली होती. ती सिंधमधल्या शिकारपुरात.

१९४७ ची फाळणी झाली आणि पुढच्याच जानेवारीत कराचीला दंगल उसळली. मग सिंधमधले हिंदू जथ्याजथ्याने निघाले. कुणी जहाजाने मुंबईला उतरले, कुणी मारवाडच्या वाळूतून आगगाडीने आले. पुष्कळांची वस्ती कल्याणजवळच्या छावणीत झाली. तिथेच पुढे उल्हासनगर उभे राहिले. काही मंडळी नागपूर-वऱ्हाडाकडे वळली. त्यांतलेच हे एक बिऱ्हाड आमच्या कापसाच्या गावी आले. गाव त्यांना 'निर्वाशी' म्हणे. आम्ही मुले नवऱ्याला चाचा आणि बायकोला चाची म्हणत असू.

चाचा मोठा उद्योगी माणूस. आरंभी तो खांद्यावर कापडाचा गठ्ठा घेऊन गल्लोगल्ली फिरे, मग लिमलेटच्या गोळ्या विकी, मग बाजारात ओटा भाड्याने घेऊन त्याने छिटाचे दुकान मांडले. त्याला दुःख करावयास सवडच नव्हती, आणि तेच त्याचे औषध होते. चाचीला मात्र सवड फार. दोन खोल्या झाडून झाल्या, पोळ्या झाल्या की दिवस समोर आ वासून बसे. पाहुण्यापुढे भाजलेला पापड आणि पाण्याचा पेला ठेवण्याची त्यांची रीत. आम्ही मुले त्या पापडासाठी दिवसातून तीनदा पाहुणे होत असू.

त्या घरात एक गोष्ट मला लहानपणीही खटके. त्यांच्या भिंतीला एकही खिळा नव्हता. कपडे दोरीवर, देव ट्रंकेवर, आणि ट्रंक सदा भरलेली! मी एकदा माझ्या आईला विचारले तर ती म्हणाली, "त्यांना परत जायचं आहे ना, म्हणून." मला त्यात नवल वाटले नाही. माझी आईसुद्धा दर दिवाळीला ट्रंक भरून मेहकरला माहेरी जात असे.

आज वाटते, आपण बायका या बाबतीत फार लवकर शहाणपण सांगू लागतो. लग्न होऊन परक्या घरी जाणे, तिथली चूल, तिथली बोली, तिथली माणसे आपली करणे हे आमच्या पाचवीलाच पुजलेले. आमच्याच जिल्ह्यातल्या सिंदखेडराजाची लेक जिजाबाई सासरी गेली आणि तिने परमुलखात काय रुजवले ते सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. तेव्हा कोणी परदेशात कुढू लागले की आम्ही चटकन म्हणतो, "त्यात काय, आम्ही नाही का राहिलो?" पण आम्हांला माहेर होते. भाऊबीज होती. वर्षातून एकदा का होईना, जिथून उपटले त्या मातीत पाय ठेवता येत होता. चाचीला भाऊबीज नव्हती. भाऊ वाटेतच तापाने गेला होता.

मग ते कागद आले. निर्वासितांनी मागे सोडलेल्या घरादारांचे दावे सरकारने लिहून घेतले होते, आणि १९५४ च्या कायद्याने त्यांचा काही मोबदला इकडे मिळावयाचा होता. दावा लिहिताना घराला खोल्या किती, दारे किती, लाकूड कोणते, असे सगळे सांगावे लागले. ते म्हणे चाचीनेच सांगितले होते, एक खिडकीसुद्धा न विसरता. १९५६ च्या दिवाळीनंतर मोबदला मंजूर झाल्याचे पत्र आले. चाचाने बत्तासे वाटले. आमच्या वडिलांनी त्याचे अभिनंदन केले. चाचीने त्या रात्रीपासून जेवण सोडले.

का, ते कुणाला उमगले नाही. पैसे मिळाले, आता कसले दुःख? पण पैसे मिळाले म्हणजे घर विकले गेले, एवढा सरळ हिशेब त्या बाईने केला होता. नऊ वर्षे ती परत जाण्यासाठी बसून राहिली होती. पत्राने तिला सांगितले की आता उठण्यात अर्थ नाही.

ती रात्रभर जागी असे. मधली भिंत मातीची, हातभर जाडीची, तरी तिच्या येरझाऱ्या आम्हांला ऐकू येत. केस विंचरीत नसे. बोलावले तर मान वर करी, पण डोळे आपल्याला ओलांडून कुठेतरी पाठीमागे पाहत. आणि अशात एके दुपारी मी, अकरा वर्षांची शहाणी मुलगी, तिच्या दारात पापड खात उभी राहून तिला म्हणाले, "चाची, तुम्ही तुमच्या घरी कधी जाणार?"

त्या प्रश्नात दुष्टावा नव्हता. मोठ्यांच्या बोलण्यातले काहीतरी कानावर पडलेले, ते तोंडातून आले. पण दुसऱ्या दिवशी पहाटे चाची घरात नव्हती. ट्रंकही नव्हती.

खामगावचे स्टेशन ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगावयास नको की तिथे रूळ संपतात. मुंबई-नागपूरच्या मोठ्या मार्गावर जलंब लागते आणि तिथून फुटलेला कापसाचा छोटा फाटा आमच्या गावापर्यंत येऊन थांबतो. १८७० साली गव्हर्नर-जनरल लॉर्ड मेयो याच्या उद्घाटनाला आला होता, याचा गावाला कोण अभिमान! त्या संपलेल्या रुळांच्या टोकाशी चाची ट्रंकेवर बसली होती, तोंड करून त्या बाजूला, जिकडे रूळ नव्हतेच. तिकीटबाबूने विचारले तर म्हणाली, "शिकारपूर." चाचाने तिला टांग्यातून घरी आणले. टांगा दारात थांबला तेव्हा मी खांबाआड लपले होते. मी तिला काय विचारले होते ते मी घरात कुणालाही सांगितले नाही. आज प्रथमच सांगते आहे.

आता गल्लीला तोंड फुटले. बाहेरचे आहे, सैलानीला न्या, असे जो तो सांगू लागला. घाटावर पिंपळगाव सराईजवळ सैलानीबाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास तिथे मोठी यात्रा भरते, नारळांची होळी पेटते, आणि मनाने बिघडलेल्या माणसांना घेऊन सर्व जातिधर्मांचे लोक तिथे जातात. श्रद्धेला मी नावे ठेवीत नाही. हताश झालेल्या घराला कुठेतरी जावेसे वाटणारच. पण श्रद्धेच्या नावाखाली माणसाला साखळीने बांधले की काय होते, ते तमिळनाडूतल्या एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी दिसले. आग लागली आणि बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण जिवानिशी गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आता कुणालाही असे साखळीने बांधण्यास मनाई आहे. १९५६ साली असला कायदा नव्हता. होते ते आमचे म्हातारे डॉक्टर.

ते आले, चाचीजवळ तासभर बसले आणि बाहेर येऊन ओसरीवर जमलेल्या मंडळींना म्हणाले, "हिला भूतबीत काही नाही. हिचं घर वारलं आहे. माणूस वारलं तर आपण तेरा दिवस रडू देतो. घरासाठी रडायला हिला कुणी तेरा तास तरी दिले का?" त्यांनी झोपेसाठी औषध दिले, आठवड्यातून दोनदा येऊन बसण्याचे कबूल केले, आणि माझ्या आजीला बाजूला नेऊन काहीतरी सांगितले. काय सांगितले ते मला पुष्कळ वर्षांनी कळले.

औषधाने चाची झोपू लागली, दोन घास खाऊ लागली. पण उठून बसलेली चाची नुसती बसूनच राही. उन्हाळा आला. वऱ्हाडातला उन्हाळा म्हणजे गच्चीवर, अंगणात, खाटेवर, जिथे ऊन तिथे वाळवण. आणि नेमका त्याच सुमारास आजीचा उजवा हात मोडला. हळदीचा लेप, वर कापडाची पट्टी, हात गळ्यात बांधलेला, अशी ती चाचीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"काय करू व माय," ती म्हणाली. "हात मोडला. यंदा आमच्या घरी ना पापड, ना कुरडई. सुनेले एकटीले जमत नाई. तुले येतात ना पापड?"

चाचीला तिची भाषा अर्धीमुर्धी समजे, पण पट्टी बांधलेला हात समजावयास भाषा लागत नाही. ती उठली. पहिल्या दिवशी दहा पापड लाटले, तिसऱ्या दिवशी शंभर. आमच्या मुगाच्या पापडात तिने तिच्याकडचे मिरे घातले आणि आजीने नाक मुरडले. आजीच्या कुरडईला ती हसली आणि आजी रागावली. दहा-पंधरा दिवसांत दोघी चक्क भांडू लागल्या. डॉक्टर आले, दारातूनच ते भांडण ऐकले आणि आत न येताच परत गेले.

एका पहाटे मी लवकर उठले तर आजी विहिरीवर होती. भरलेली घागर तिने उजव्या हाताने कमरेवर चढविली, मला पाहिले, आणि घागर खाली ठेवून पट्टी गळ्यात अडकविली. "कोनाले सांगू नोको," एवढेच म्हणाली. डॉक्टरांनी तिला सांगितले होते ते हेच: "बाईला काही देऊ नका. बाईकडे काही मागा."

त्या वर्षीच्या दिवाळीत, १९५७ च्या, धनत्रयोदशीच्या दुपारी चाची आमच्या दारात आली. "बहन, हथौड़ी है?" वडिलांनी हातोडी दिली. थोड्या वेळाने मधल्या भिंतीवर ठक् ठक् आवाज होऊ लागला. आमच्या बाजूला आई अनारसे तळीत होती; भिंतीचे पोपडे सुटून थेट परातीत पडले. आई उठून काही बोलणार, तोच आजीने तिचा हात धरला. "ठोकू दे," ती म्हणाली. "दहा वर्सानं ठोकून राह्यली थे." आम्ही सगळे हातातले काम टाकून तो आवाज ऐकत उभे होतो.

खिळ्यावर चाचीने काय टांगले? कापडाच्या व्यापाऱ्याने दिलेले लक्ष्मीचे चित्र असलेले कॅलेंडर. खाली मातीची हटडी मांडली. हटडी म्हणजे चिमुकले दुकान. सिंधी लोक दिवाळीत त्याची पूजा करतात. भाऊबीजेला तिने माझ्या वडिलांना ओवाळले. पुढे चाळीस-एक वर्षे ती खामगावात राहिली. शिकारपूर ती विसरली नाही. लोणचे घालताना हटकून तिथली गोष्ट सांगे आणि डोळे पुशी. पण ट्रंकेत तेव्हा गोधड्या असत.

तर त्या जानेवारीच्या सकाळी मला हे सगळे आठवले. मी मुलाला विनिपेगच्या भिंतीची हकिकत सांगितली. तो म्हणाला, "आई, सगळ्यांनाच होतं. सवय होईल." मी म्हटले, "सवय होईल म्हणून वाट पाहत बसणाऱ्यांना मी स्टेशनावरून परत आणलेलं पाहिलं आहे. तिला आजच्या आज डॉक्टरकडे जायला सांग." माझ्या आवाजाला एक भीती होती, आणि अपराधही. हिने जावे म्हणून घरात सर्वांत जास्त हट्ट मीच धरला होता.

नात विद्यापीठातल्या समुपदेशक बाईंकडे गेली. आठवड्यातून एकदा जाऊ लागली. त्यांनी तिला जे सांगितले ते तिने मला सांगितले. १६८८ साली बाझेलमधल्या योहानेस होफर नावाच्या वैद्याने घरापासून लांब राहणाऱ्या स्विस माणसांच्या झुरणीला एक नाव दिले, नॉस्टॅल्जिया. ग्रीक भाषेतले 'घरी परतणे' आणि 'वेदना' हे दोन शब्द त्याने जोडले. हल्ली हा शब्द जुन्या गाण्यांना लावतात. जन्मला तेव्हा ते आजाराचे नाव होते. अलीकडे बार्सिलोनाचे मनोविकारतज्ज्ञ जोसेबा आचोतेगी यांनी ज्या स्थलांतरितांवर एकटेपण, भीती आणि पोटाची चिंता एकदम कोसळते, त्यांच्या अवस्थेला युलिसिसचे नाव दिले. होमरच्या काव्यातला हा शूर वीर किनाऱ्यावर बसून घरासाठी रडतो. आचोतेगी म्हणतात, हे वेड नव्हे. न झेपणाऱ्या ओझ्याखाली मन वाकते ते हे. आमच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी युलिसिसचे नाव ऐकले होते की नाही कोण जाणे. पण बोलले ते तेच.

इथल्या वाचकांसाठी एक सांगून ठेवते. १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारने टेलिमानस नावाची फोनसेवा सुरू केली आहे. १४४१६ हा क्रमांक लावला की मनाच्या त्रासाबद्दल मराठीतही बोलता येते, आणि पैसे पडत नाहीत. फराळाच्या धांदलीत हा आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवावयास अर्धे मिनिटही लागणार नाही.

डॉक्टरचे काम डॉक्टरने केले. आजीचे काम उरले होते. फेब्रुवारीत मी नातीला फोन केला आणि म्हटले, "अगं, दिवाळी अंकाला लेख द्यायचा मनात आहे. पण डोळ्यांनी अगदी छळ मांडला आहे. अक्षर दिसत नाही. तू रोज अर्धा तास टंकून देशील का? मी सांगते."

"बाबांना सांग ना."

"त्याचं शुद्धलेखन तुला ठाऊक नाही का?"

ती हसली. फोनात आधी तिचे कपाळ दिसले, मग तोंड. केस ओले होते, पण विंचरलेले. तेव्हापासून जमेल तशा सकाळी मी ओसरीवरून सांगते आणि ती तिथे रात्री टंकते. काही दिवस ती कंटाळलेली असे, काही दिवस नुसती रडे. तेव्हा लेख बाजूला राही. एप्रिलात तिच्या भिंतीवर मी पोस्टाने पाठविलेले कॅलेंडर दिसले. खिळा न ठोकता चिकटवावयाचा आकडा मिळतो म्हणे तिकडे.

परवा आम्ही आजीच्या मोडलेल्या हाताशी आलो. मी सांगत होते, ती टंकीत होती. विहिरीवरची घागर आली आणि पलीकडे बोटांचा आवाज थांबला.

"आजी," ती म्हणाली, "तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन मागच्या वर्षीच झालं होतं ना?"

"झालं होतं."

"आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता सुईतसुद्धा दोरा ओवाल."

मी काही बोलले नाही. समोरच्या चौकटीत ती माझ्याकडे एकटक पाहत होती, आणि तिच्या पाठीमागे कॅलेंडरातली लक्ष्मी.

"बरं," ती शेवटी म्हणाली. "पुढचं सांग. त्या हटडीत दुसरा ट काढायचा की ड?"